कॉर्नियात रक्त साकळते तेव्हा: माझ्या डाव्या डोळ्याच्या निदानाचा आणि उपचाराचा अनुभव

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग उठलेला बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो, आणि तो पंधरा दिवसांत आपोआप जातो हेही ऐकलेले असते. माझ्या डाव्या डोळ्यात रक्त साकळले ते मात्र पांढऱ्या भागावर नव्हे, तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलात, म्हणजे प्रत्यक्ष कॉर्नियाच्या आत. हा प्रकार फार कमी जणांना होतो, आणि झाल्यावर काय करायचे असते याविषयी मला त्या वेळी मराठीत वाचायला काही मिळाले नव्हते. उपचाराचा मोठा भाग आता पूर्ण झाला आहे, म्हणून तारखा, खर्च आणि कागदपत्रांसह सगळे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात सोमवार, 10 जुलै 2023 रोजी झाली. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी आरशात पाहताना डाव्या डोळ्याच्या काळ्या भागावर, नाकाच्या बाजूला खाली, तांबडा, ठसठशीत कडा असलेला डाग दिसला. दुखत नव्हते. थोडे खुपल्यासारखे वाटत होते, पाणी येत होते, आणि उजवा डोळा झाकला की समोरचे कॅलेंडर धुक्यातून पाहावे तसे पुसट दिसत होते. घरी सगळ्यांचे मत एकच पडले की उष्णता झाली असेल, गुलाबपाण्याची घडी ठेवावी. पण डाग काळ्या भागावर होता आणि नजर कमी झाली होती, एवढ्या दोन गोष्टी मला अस्वस्थ करायला पुरेशा होत्या. मुख्याध्यापकांना फोन करून किरकोळ रजा घेतली आणि साताऱ्यातल्याच नेहमीच्या नेत्रतज्ज्ञांकडे नंबर लावला.

तिथे दोन तास थांबावे लागले. तपासणी फी 300 रुपये होती. आधी तक्ता वाचून घेतला: उजवा डोळा चष्म्यासह 6/6, म्हणजे पूर्ण नजर, आणि डावा 6/24, म्हणजे निरोगी डोळा 24 मीटरवरून वाचतो ते मला 6 मीटरवरून वाचता येत होते. मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्रावर, हनुवटी टेकवून डॉक्टरांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “या डोळ्याला पूर्वी काही झाले होते का?” झाले होते. 2011 साली याच डोळ्याला नागिणीच्या जातीच्या विषाणूची, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्सची, लागण झाली होती, काही महिने औषधे चालली होती आणि बुबुळावर बारीक फूल, म्हणजे व्रणाचा डाग, पडून राहिले होते. त्यानंतर बारा वर्षे त्या डोळ्याने तक्रार केली नव्हती. डॉक्टरांनी मला सांगितले की निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू हवेतून आणि अश्रूंमधून मिळतो. त्यामुळे तिथे रक्त दिसले की दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालेली नसल्यास कुठून तरी वाहिनी आत शिरली आहे असे समजावे लागते. माझ्या जुन्या फुलाकडे अशी वाहिनी गेलेली त्यांना दिसत होती. त्यांनी कोणतेही औषध सुरू न करता फक्त कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले आणि पुण्याच्या कॉर्नियातज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. औषध न देता पुढे पाठवणे तेव्हा मला थोडे विचित्र वाटले, पण त्यामागचे कारण पुण्यात कळले.

त्या रात्री मी माळ्यावरची जुनी फाईल शोधली. 2011 च्या चिठ्ठ्या, डोळ्याचे हाताने काढलेले आकृतिचित्र आणि औषधांची यादी असे सगळे तिच्यात मिळाले. ज्यांना कधी डोळ्याचा आजार झाला असेल, त्यांनी ते कागद जपून ठेवावेत असे मी आवर्जून सांगेन. पुढच्या तपासणीत त्या आकृतिचित्राचा जेवढा उपयोग झाला, तेवढा माझ्या आठवणींचा झाला नाही.

बुधवार, 12 जुलैला पहाटेच्या विनाथांबा एसटीने स्वारगेट गाठले. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचे दिसत नाही आणि उजेड सोसत नाही, म्हणून अशा तपासणीला एकट्याने जाऊ नये आणि काळा चष्मा सोबत ठेवावा. माझ्याबरोबर धाकटी बहीण होती. महिलांना एसटीत निम्मे तिकीट असल्यामुळे प्रवासखर्च फारसा जाणवला नाही.

कॉर्नियाच्या विभागातली तपासणी अर्धा दिवस चालली, आणि तिचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. डोळ्यात कोणताही थेंब घालण्याआधी डॉक्टरांनी कापसाची बारीक वात करून तिच्या टोकाने दोन्ही डोळ्यांच्या कॉर्नियाला हलका स्पर्श केला. उजवा डोळा चटकन मिटला. डाव्या डोळ्याला जवळजवळ काही कळलेच नाही. हर्पिसमध्ये कॉर्नियाची संवेदना कमी होते, त्यामुळे दुखत नाही म्हणजे गंभीर नाही असा निष्कर्ष अशा डोळ्याबाबत काढता येत नाही. नंतर फ्लुरोसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात लावून निळ्या प्रकाशात पाहिले. वरच्या थरावर कुठे जखम असती, तर ती हिरवी चमकली असती. तशी जखम नव्हती, म्हणजे वरच्या थरात विषाणू त्या वेळी सक्रिय दिसत नव्हता. डोळ्याचा दाब 16 आला, जो 10 ते 21 या सर्वसाधारण मर्यादेत होता.

स्लिट लॅम्पला जोडलेल्या पडद्यावर डॉक्टरांनी मला माझा डोळा मोठा करून दाखवला. पांढऱ्या भागाच्या कडेवरून एक जाड वाहिनी आत शिरली होती, राखाडी फुलापाशी तिला बारीक फाटे फुटले होते, आणि त्या फाट्यांच्या टोकाशी, ओल्या वहीच्या पानांमध्ये शाई झिरपावी तसे, रक्त थरांमध्ये पसरले होते. एक कडा बाहुलीच्या सीमेपर्यंत आली होती. डाग सुमारे 3 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर रुंद होता. संपूर्ण कॉर्नियाचा व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे आकारमान कळते. डॉक्टरांनी मला मान तिरपी करायला सांगून पुन्हा पाहिले. रक्त कॉर्नियाच्या मागे, डोळ्यातल्या पाण्यात साचले असेल, तर ते जडपणाने खाली बसते आणि त्याची पातळी दिसते. त्याला हायफिमा म्हणतात आणि त्याचा उपचार वेगळा असतो. माझे रक्त जागचे हलले नाही.

खात्रीसाठी डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी स्कॅन केला. यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत, डोळ्याला स्पर्शही होत नाही. यंत्रासमोर बसून एका ठिपक्याकडे पाहायचे असते. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असलेल्या कॉर्नियाचा त्यात उभा छेद दिसतो. रक्त स्ट्रोमा या मधल्या जाड थराच्या खोल भागात होते, पण त्याच्या मागचा डेसिमेट हा पातळ पडदा सुटलेला नव्हता. ही बातमी चांगली होती, कारण रक्त स्ट्रोमा आणि त्या पडद्याच्या मध्ये साचून तो सुटला असता, तर ते काढण्याचा विचार लवकर करावा लागला असता. सर्वांत आतल्या पेशींची मोजणीही झाली आणि तीही समाधानकारक निघाली. त्याच दिवशी रक्तदाब पाहिला आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: प्लेटलेट, रक्त गोठण्याचा वेळ, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि सिफिलिससाठीची चाचणी. शेवटचे नाव वाचून मी दचकले, पण कॉर्नियात खोलवर वाहिन्या वाढण्याचे ते एक जुने, ओळखीचे कारण आहे आणि म्हणून ती चाचणी नेमाने करतात, असे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही त्यांनी दोनदा विचारले. माझ्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या. त्या दिवसाचा खर्च असा झाला: तपासणी 800, ओसीटी आणि पेशींची मोजणी मिळून 2,600, रक्ततपासण्या 1,450 रुपये.

मी विचारले की हे रक्त काढून का टाकत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, “ताई, रक्त आपले आपण शोषले जाईल. मला काळजी आहे ती ज्या वाहिनीतून ते आले तिची.” डागळलेल्या कॉर्नियाला छेद दिला, तर नव्या वाहिन्यांना आमंत्रण मिळते आणि झोपलेला विषाणूही जागा होऊ शकतो. रक्ताचा साठा मोठा असेल, नजरेच्या मध्यावर असेल किंवा आतले पडदे सोडवत असेल, तर बारीक छिद्रातून ते धुऊन काढतात; माझ्या बाबतीत तशी गरज नव्हती.

उपचार असा ठरला: प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट या स्टेरॉइडचे 1 टक्का थेंब दिवसातून सहा वेळा आणि मग दर आठवड्याला हळूहळू कमी, सोबत एसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाची 400 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, आणि कृत्रिम अश्रू. स्टेरॉइडमुळे दाह आणि वाहिन्यांची वाढ आटोक्यात येते, पण विषाणू सक्रिय असताना तेच थेंब घातले तर कॉर्नियाची हानी होते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पूर्ण तपासणीआधी औषध का टाळले, ते इथे उलगडले. गोळी वर्षभर घ्यायची असे ऐकल्यावर मी कारण विचारले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत बारा महिने ही गोळी घेणाऱ्यांपैकी 19 टक्के रुग्णांना डोळ्याचा हर्पिस पुन्हा झाला, तर न घेणाऱ्यांपैकी 32 टक्क्यांना झाला. मी गणित शिकवते. हा फरक मला पटला.

यानंतरचे आठवडे वाट पाहण्याचे होते आणि ते फार जड गेले. डाग रोज तेवढाच दिसे. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज पाहणे सोडले आणि दर रविवारी, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी बहिणीकडून मोबाइलवर एक फोटो काढून घेऊ लागले. मग फरक दिसू लागला: तांबड्याचा तपकिरी, कडा विरत चाललेल्या. हे फोटो डॉक्टरांनाही उपयोगी पडले. थेंबांचे वेळापत्रक मी कपाटाच्या दाराला चिकटवले होते आणि दोन औषधांमध्ये निदान दहा मिनिटांचे अंतर ठेवत होते, कारण लागोपाठ घातले तर पहिला थेंब वाहून जातो.

याच सुमारास महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ पसरली. जुलैच्या उत्तरार्धात आळंदी परिसरात हजारो रुग्ण सापडल्याच्या बातम्या होत्या, आणि 26 जुलैला पुन्हा पुण्याला गेले तेव्हा ओपीडीत उभे राहायला जागा नव्हती. शाळेत माझा लाल डोळा पाहून पालकांनी तक्रार केली की बाईंचे डोळे आले आहेत आणि त्या वर्गावर येतात. मुख्याध्यापकांनी समजुतीने घेतले, पण “हा संसर्गजन्य आजार नाही” असे लेखी प्रमाणपत्र मागितले. ते डॉक्टरांनी लगेच दिले. तरीही दुसऱ्या बाजूने मला संसर्ग होण्याचा धोका होताच, म्हणून मी वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा टाकली. रजा परिवर्तित होती, म्हणजे एका दिवसासाठी अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात. हे आधी सेवापुस्तकात तपासून घ्यावे. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो, त्यामुळे शेवटच्या तपासणीच्या दिवशीच तो मागून घेतला म्हणजे पुन्हा खेप पडत नाही. त्या साथीत अनेकांनी मेडिकलमधून थेट स्टेरॉइडचे थेंब आणून घातले. ज्यांना पूर्वी हर्पिस झाला आहे त्यांच्यासाठी हे किती घातक ठरू शकते हे आता ठाऊक असल्यामुळे, मी ओळखीच्या प्रत्येकाला बाटलीवरचे नाव वाचायला सांगत होते.

9 ऑगस्टच्या तपासणीत डाग निम्म्यावर आला होता, नजर 6/18 झाली होती, पण डोळ्याचा दाब 26 निघाला. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांचा दाब वाढतो आणि तो वाढलेला रुग्णाला अजिबात कळत नाही. दुर्लक्ष झाल्यास काचबिंदूसारखी कायमची हानी होऊ शकते. प्रेडनिसोलोन बदलून लोटेप्रेडनॉल हे दाब तुलनेने कमी वाढवणारे स्टेरॉइड दिले आणि दाब उतरवणारे टिमोलोलचे थेंब जोडले. टिमोलोल देण्याआधी दमा आहे का, हे डॉक्टरांनी विचारले. कोणाला दमा असेल तर हे स्वतःहून सांगावे. दोन आठवड्यांत साताऱ्यातच दाब तपासून घेतला, तो 17 वर उतरला होता.

सगळे मार्गी लागत आहे असे वाटत असताना सोमवार, 4 सप्टेंबरला सकाळी डोळ्यासमोर लाल झाक आली. त्याच वाहिनीतून पुन्हा रक्त झिरपले होते, आणि या वेळी ते बाहुलीच्या समोर आले होते. नजर थेट 6/60 झाली. पहिल्या वेळी मी घाबरले नव्हते तेवढी या वेळी घाबरले. उजवा डोळा झाकल्यावर समोर बसलेल्या बहिणीचा चेहरा ओळखता येईना, आणि हे असेच राहिले तर काय, या विचाराने पुण्याला पोहोचेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

आता वाहिनीवरच उपचार करायचे ठरले. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: बारीक सुईने वाहिनीला विद्युत उष्णता देऊन ती बंद करणे, किंवा बेव्हासिझुमॅबचे इंजेक्शन कंजंक्टायव्हा या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली देणे. हे औषध मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी आले आणि नव्या वाहिन्यांना वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाला ते अडवते. डोळ्यासाठीचा वापर मूळ मंजुरीबाहेरचा आहे, आणि संमतीपत्रात तसे स्पष्ट लिहिलेले असते. मी ते संमतीपत्र घरी नेऊन वाचण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. जुन्या, पक्क्या झालेल्या वाहिन्यांवर या औषधाचा परिणाम कमी होतो, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. आधी इंजेक्शन, आणि पुरेसे झाले नाही तर सुईचा उपाय, असे आम्ही ठरवले.

गुरुवार, 14 सप्टेंबरला इंजेक्शन झाले. रक्तदाब, अलीकडे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे का, गर्भारपण, याची विचारणा झाली. बधिर करणारे थेंब, पापण्यांवर आणि डोळ्यात पोविडोन आयोडीन, पापण्या उघड्या ठेवणारी तार, आणि मग डॉक्टरांचा आवाज, “खाली पाहा, पायांकडे.” सुई टोचल्याचे जाणवले नाही, आवरणाखाली द्रव शिरताना ताण आणि गारवा जाणवला. प्रत्यक्ष इंजेक्शनला दोन मिनिटेही लागली नाहीत, पण तयारी आणि नंतरची देखरेख धरून सकाळ गेली. पुढचे चार-पाच दिवस डोळा लाल आणि खरखरीत होता, प्रतिजैविकाचे थेंब होते, आणि डोक्यावरून अंघोळ बंद होती. 19 तारखेला गणपती बसले तेव्हा धूप-उदबत्तीच्या धुरापासून दूर राहण्यासाठी मी आरतीला बाहेरच्या खोलीत थांबले.

इंजेक्शनचे बिल 9,400 रुपये झाले. यजमानांच्या कंपनीची गट विमा पॉलिसी होती, म्हणून दावा टाकला, आणि तो “रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता” या शेऱ्यासह परत आला. विमा नियामकाने 2019 मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी पॉलिसीत घ्यायला लावली, तिच्यात डोळ्याच्या आत, व्हिट्रिअस या जेलीसारख्या भागात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा उल्लेख आहे. माझे इंजेक्शन आवरणाखाली दिलेले होते, त्यामुळे त्या नावाने दावा बसत नव्हता. रुग्णालयाच्या विमा कक्षातल्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे डॉक्टरांचे पत्र जोडले: प्रक्रिया शस्त्रक्रियागृहात, डे केअर म्हणून, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडण्याच्या उपचाराप्रमाणे झाली, आणि ती केली नसती तर दृष्टी जाण्याचा धोका होता. सोबत आधीचा आणि नंतरचा ओसीटी, औषधाच्या कुपीवरचे स्टिकर आणि मूळ पावत्या दिल्या. 24 नोव्हेंबरला 7,900 रुपये जमा झाले. ओपीडीच्या तपासण्यांचे पैसे पॉलिसीत बसत नव्हते, ते मिळाले नाहीत. कुपीचे स्टिकर मागून फाईलला लावून घ्या. त्याच्याविना माझा दावा पुन्हा अडकला असता.

18 ऑक्टोबरच्या छायाचित्रात वाहिनी पुष्कळ बारीक झालेली दिसली आणि तिचे टोकाचे फाटे नाहीसे झाले होते. रक्त शोषले जाण्याची गती या वेळी कमी होती. दिवाळीपर्यंत डाग पिवळसर झाला आणि डिसेंबरच्या 13 तारखेला डॉक्टरांनी सांगितले की आता रक्त उरलेले नाही, फक्त जुन्या फुलाभोवती पुसट राखाडी छटा वाढली आहे. तिथे मेदाचे पांढरे कण साठू शकतात, म्हणून लक्ष ठेवायचे आहे. कॉर्नियारोपणाविषयी मीच विचारले. ज्या कॉर्नियात वाहिन्या शिरलेल्या असतात, तिथे शरीर परक्या पटलाला नाकारण्याची शक्यता वाढते, त्यामुळे नजर कामापुरती आहे तोवर तो विचारही नको, असे स्पष्ट उत्तर मिळाले.

आज, मार्च 2024 मध्ये, डाव्या डोळ्याची नजर चष्म्यासह 6/12 आहे. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो, त्यामुळे स्कूटी संध्याकाळनंतर चालवत नाही. दाब 15 आहे आणि टिमोलोल बंद झाले आहे. लोटेप्रेडनॉलचा एक थेंब एक दिवसाआड चालू आहे, तो स्वतःच्या मनाने थांबवायचा नाही. एसायक्लोव्हिर जुलैपर्यंत घ्यायची आहे आणि त्याआधी एकदा क्रिएटिनिन तपासायचे आहे. कॉर्नियाचा पृष्ठभाग किंचित उंचसखल झाल्यामुळे चष्म्याने जे सुधारत नाही ते कडक प्रकारच्या कॉन्टॅक्ट लेन्सने सुधारते का, याची चाचणी मे महिन्यात शाळेला सुटी लागल्यावर होईल. संवेदना कमी असलेल्या डोळ्यात लेन्स घालणे जोखमीचे असते, म्हणून ती आधी दवाखान्यातच काही तास घालून पाहणार आहेत. तोपर्यंत लाली, उजेड न सोसणे, नजर अचानक पुसट होणे किंवा नवा डाग यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी साताऱ्यात दाखवायचे, अशी लेखी सूचना फाईलच्या पहिल्याच पानावर आहे.